पिण्यास योग्य

तेजराम : ब्रश खाली ठेव म्हटलं ना. आठ दिवस नाही झाले या बोरिंगले निळा रंग मारून. पंचायतीनं दोन हात मारले.

रविता : पाहिलं मी, मामाजी. दांडा रंगवला, ओटा रंगवला. ओट्यावर बेडूक बसला होता, तो उडाला म्हणून वाचला. पाणी तेवढं राहून गेलं.

तेजराम : सासऱ्यासंग असं बोलतेत?

रविता : सासऱ्यासंग नाही बोलून राहिली. उपसरपंचासंग बोलून राहिली. जल समितीचे अध्यक्षही तुम्हीच, आणि समितीची पाणी तपासणारी बाई मी. सासरे संध्याकाळी घरी भेटतील. तेव्हा पदर घेऊन बोलीन.

तेजराम : उद्या तालुक्याची टीम येऊन राहिली. शुद्ध पान्याचं गाव म्हणून प्रमाणपत्र देनार. फोटो निघनार. आन तू आज लाल रंगाचा डबा घेऊन उभी. बोरिंगले लाल लावलं का काय होते, मालूम आहे का?

रविता : गावात मलाच मालूम आहे. ट्रेनिंगमध्ये शिकवलं. निळा म्हणजे प्या. लाल म्हणजे गुरं धुवा, ट्रॅक्टर धुवा, पाय धुवा. पिऊ नका.

तेजराम : पाटी वाच. कोनाचं नाव आहे?

रविता : 'जागा दान : श्री. तेजराम हिरालाल कटरे.' लग्न होऊन आली तेव्हापासून रोज वाचते. पाण्याचा गुंड भरेपर्यंत दुसरं वाचायला असते काय इथं.

तेजराम : मंग? बोरिंग पंचायतीची, पन जागा माही. शेताच्या धुऱ्याले लागून दोन हात जागा सोडली मी. चाळीस घरं माह्या नावाचं पानी पितेत. त्या नावाच्या खाली तू लाल फासशील, आन मी पाहत राहू?

रविता : चाळीस घरं. आणि एक नात.

तेजराम : तिले मधात आनू नको.

रविता : मी नाही आणलं. पाण्यानं आणलं. दोन महिन्यांची पोरगी परवापासून गोंदियाच्या दवाखान्यात आहे, आणि तुम्ही रंगावरून भांडून राहिले.

तेजराम : लेकराले काहीबी होते. सर्दी असन. छातीचं असन. डाक्टर सतरा गोष्टी सांगतेत.

रविता : डॉक्टरबाईनं एकच सांगितली. तुम्ही बाहेर होते, गाडी लावत होते. मी आत होती. ऐकायचं असेल तर सांगते, नसेल तर रंग मारते. मला दोन्ही चालते.

तेजराम : सांग.

रविता : दुपारी तुमच्या टीनानं हाक मारली, वहिनी, हिचे ओठ पाहा. जांभूळ खाल्ल्यासारखे. नखंही तशीच. रडत होती, पण रडून लेकरू लाल होते ना, ही निळी होत होती. गोंदियात पोचलो. रक्त काढलं तर सुईत लाल आलंच नाही. कोऱ्या चहाचा रंग. डॉक्टरबाई जवान पोरगी, माझ्याच वयाची. तिनं विचारलं, आईचं दूध पिते का? टीना म्हणाली, मला ताप होता, दूध आटलं, डब्याचं पावडर देतो. मग तिनं विचारलं, पावडर कशात कालवता?

तेजराम : डबा मी आनला होता. भारीतला. चांगल्या दुकानातून.

रविता : डब्याला कोणी काही म्हटलं नाही. मी पुढं होऊन सांगितलं, बाई, पाणी मी स्वतः उकळते. घड्याळ लावून वीस मिनिटं. दोन टाइम. मला वाटलं शाबासकी देईल. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं कोणी हात जोडून सांगितलं का बाई, मी लेकराला रोज थोडं थोडं विष देते, पण टाइमावर देते.

तेजराम : उकळलेल्या पान्यात काय राहते? सारं मरते.

रविता : जंतू मरतात. तुमचा युरिया मरत नाही. भाजीत मीठ जास्त झालं आणि मामीजींनी ती अजून आटवली, तर मीठ कमी होते का?

तेजराम : माहा युरिया कसा?

रविता : तेच तिनंही विचारलं. बोरिंगजवळ काय आहे? म्हटलं, धान. खत किती टाकता? मी म्हटलं, किती ते मालूम नाही बाई, पण माझ्या सासऱ्याचा धान रस्त्यावरून दिसते. बस थांबते पाहायला.

तेजराम : थांबतेच.

रविता : ड्रायव्हर खर्रा थुंकायला थांबते, मामाजी. ते राहू द्या. धान खाते तेवढं खाते. बाकीचं पाण्यासंग जमिनीत उतरते, तिथं त्याचं नायट्रेट होते, आणि दांडा हापसला का वर येते. वास नाही, चव नाही, रंग नाही. मोठ्या माणसाचं लवकर दिसून येत नाही. दोन महिन्यांच्या लेकराचं रक्त त्याच्यापुढं हारून जाते. हवा धरायचंच विसरते. छाती चांगली, श्वास चालू, आणि पोरगी आतून गुदमरते. औषध काय दिलं मालूम आहे? निळं. सुईतून निळं औषध. काल तिनं लंगोट ओला केला तो निळा. टीना पाहून किंचाळली. बाई म्हणाली, भिऊ नका, हे आमचं निळं, ते तुमचं होतं.

तेजराम : आता बरी आहे ना?

रविता : बरी आहे.

तेजराम : मंग झालं. देवाची कृपा. आता घरी कॅनचं पानी आनू. पन बोरिंगचा रिपोर्ट आहे, रविता. तालुक्याच्या प्रयोगशाळेचा. 'पिण्यास योग्य.' शिक्का आहे, सही आहे. पंचायतीत काचेत लावून ठेवला. तू शिक्क्यापेक्षा मोठी झाली का?

रविता : नाही ना झाली. तेच चुकलं. मागच्या श्रावणात याच ओट्यावर मी माझी पाणी तपासायची पेटी उघडली. बाटलीत पाणी घेतलं, पुडी टाकली, दहा मिनिटं थांबली. गुलाबी चढत गेला, चढत गेला. संग रंगाची पट्टी असते, कोणता रंग म्हणजे किती नायट्रेट. तो रंग पट्टीवर नव्हताच. शेवटच्या चौकोनाच्याही पुढं. तशीच बाटली घेऊन तुमच्याकडं आली. आठवते काय म्हणाले?

तेजराम : म्हटलं असन काही.

रविता : म्हणाले, चार दिवस ट्रेनिंगले जातेत आन बाया डाक्टर होऊन येतेत. पेटीचं काय खरं, नमुना तालुक्याले पाठवू. मी म्हटलं, मी नेते. तुम्ही म्हणाले, बाईमाणसाचं काम नाही, मी स्वतः नेतो.

तेजराम : नेला ना. स्वतः. फटफटीनं. घरचं पेट्रोल जाळून.

रविता : हो. आणि रिपोर्ट 'योग्य' आला. सर्वांसमोर वाचून दाखवला तुम्ही, ग्रामसभेत. माझं नाव नाही घेतलं, तेवढा मान ठेवला. लोक हसले, मीही हसली. मला वाटलं, पेटीतली दवाई जुनी झाली असेल. माझे डोळे खोटे असतील. बी.एस्सी. झाली मी गोंदियाच्या कॉलेजातून, पण शिक्क्यापुढं बी.एस्सी.चं काय चालते. फक्त आतमध्ये कुठंतरी कुरतडत राहिलं. म्हणून टीना बाळंतपणाला आली तेव्हा म्हटलं, उकळते तरी. हे मी माझ्या हुशारीनं केलं, मामाजी. तुमचा युरिया मी आटवून आटवून घट्ट केला आणि तुमच्या नातीला पाजला.

तेजराम : मोठ्यानं बोलू नको. धुऱ्यावर बाया आहेत.

रविता : आहेत. आज दुसरा डोस ना? युरियाच्या सहा चुंगड्या सकाळीच उतरल्या, मी पाहिल्या. दोन एकरात सहा.

तेजराम : लागते तेवढं.

रविता : कृषी सहायक म्हणाले होते, याच्या अर्ध्यातही होते.

तेजराम : कृषी सहायकाले धुरा आहे का? त्याच्या बाजूले चैतराम आहे का? चैतराम एकरी दोन टाकते. मी दोन टाकले तं माहा धान त्याच्यासारखा दिसन. म्हणून तीन.

रविता : आणि तुमचे तीन पाहून चैतरामकाका पुढच्या साली चार. धानाला कोणी विचारलं?

तेजराम : तुले हसू येऊन राहिलं. टीनाचं लगन कशावर जमलं? कोहमाऱ्यावरून पाव्हणे आले, खुर्चीवर बसले नाहीत, पहिले धुऱ्यावर गेले. धानाचा रंग पाह्यला आन म्हटलं, पोरगी पसंत. तुह्या लगनाच्या वक्ती तुह्या बापानंही पाह्यला होता.

रविता : पाहिला. घरी येऊन आईला म्हणाले, इतका हिरवा मी फक्त कॅलेंडरवर पाहिला. त्यांना वाटलं ते चांगलं असते.

तेजराम : हा पाहा, छोटेलाल आला. थांब रे, सायकल लाव. विचार याले. ढिवर मोहल्ल्याचा मुखिया, बोरिंग झाली त्या दिवसापासून हेच पानी पिऊन राहिला. याले काय झालं विचार.

छोटेलाल : राम राम मालक. नात कशी आहे?

तेजराम : बरी आहे. तू सांग हिले, या बोरिंगच्या पान्यानं तुले काई झालं का?

छोटेलाल : मले काई नाई झालं.

तेजराम : ऐकलं?

छोटेलाल : मी पीतच नाई.

तेजराम : काय?

छोटेलाल : मागच्या पोळ्यापासून सोडलं, मालक. पुऱ्या मोहल्ल्यानं सोडलं. हे डबे भरून आनले ना आत्ता, हे जंगलाकडच्या विहिरीचे होत. दीड किलोमीटर पडते. पन सायकल आहे.

तेजराम : आन मले कोनी सांगतलं नाही?

छोटेलाल : तुमचीच बोरिंग, तुमचीच सून. आमाले वाटलं घरात बोलनं झालं असन.

रविता : मी सांगितलं होतं यांना. पेटीत गुलाबी निघाला, त्याच संध्याकाळी मोहल्ल्यात गेली. तिथं लहान लेकरं जास्त. म्हटलं, तालुक्याचा कागद येईपर्यंत पिऊ नका.

तेजराम : घर सोडून पहिले ढिवरवाड्यात गेली.

रविता : घरी पहिले आली होती. घरानं म्हटलं, ट्रेनिंगवाल्या बाया डॉक्टर होतात.

छोटेलाल : बाईची चूक नाई मालक. आमी तसंही सोडलंच असतं. बोडीची, आमच्या मासोऱ्यांच्या तळ्याची, हालत आमी त्याच्या पहिलेच्या साली पाह्यली होती ना.

तेजराम : आता तू बोडी काढ. मासोरीचं दुखणं घेऊन बस.

छोटेलाल : काढली नोहती, पन तुमी म्हनता तं काढतो. तुमच्या धानाच्या बांधीतलं पानी खालच्या बांधीत, तथून नाल्यात, नाल्यातून बोडीत. आज खत फेकलं, उद्या पाऊस आला, तुमी पानी काढाले धुऱ्याची मुही फोडली. परवा बोडी हिरवी. तुमचं अर्धं खत तं माह्याच बोडीनं खाल्लं. पीकही चांगलं आलं, शेवाळाचं. मंग एक दिवस सकारी गेलो तं साऱ्या मासोऱ्या वर तोंड काढून. जशा ग्रामसभेत बोलाची पाळी पाहून राहिल्या. दुपारपर्यंत उलट्या झाल्या. पाळी काई आली नाई.

तेजराम : पंचनामा केला ना पंचायतीनं? तुमच्या सोसायटीले सही करून देला.

छोटेलाल : देला. कारन लिहलं उष्माघात. भादव्यात.

तेजराम : ऊन होतं त्या दिवशी.

छोटेलाल : होतं मालक. पन मासोरी पान्यात होती.

रविता : ती सही कोणाची होती, मामाजी?

तेजराम : पंचायतीच्या साऱ्या कागदावर माहीच सही राहते. सरपंच बाई आहे, तिचा नवरा नागपूरले.

छोटेलाल : सारसाची जोडी येत होती बोडीवर. ते बी आता येत नाईत. त्याहिले तं कोनी ट्रेनिंग बी देलं नोहतं.

रविता : छोटेलालभाऊ, मला एक सांगा. रिपोर्ट 'योग्य' आला तेव्हा मी परत आली होती तुमच्याकडं. म्हटलं, माझी चूक झाली, आता प्या बोरिंगचं. तुम्ही हसले होते.

छोटेलाल : हो. हासलो.

रविता : काऊन? वर्षभर मला ते हसणं टोचून राहिलं. मला वाटलं, माझ्यावर हसले.

छोटेलाल : तुमच्यावर कायले हासू, बाई. जाऊ द्या. पानी तापून राहिलं डब्यातलं.

रविता : आणि दुसरं. जंगलाच्या विहिरीच्या अगोदर रस्त्यात दोन विहिरी लागतात. दोन्हींना पाणी आहे. मी तर तुम्हाला एवढंच सांगितलं, इथलं पिऊ नका. कुठलं प्या ते मलाही मालूम नव्हतं, पेटीतल्या पुड्या सरल्या होत्या. तुम्ही दोन विहिरी सोडून नेमकी तिसरी काऊन धरली?

छोटेलाल : ते आमाले मालकानं दाखवली.

तेजराम : मी? मी तुले कवा दाखवली? झोपेत बोलून राहिला का?

छोटेलाल : सांगू का मालक? नाई म्हटलं तं नाई सांगत.

रविता : सांगा, भाऊ. त्यांना नका विचारू. मी विचारून राहिली.

छोटेलाल : बांबूसाठी गेलतो तिकडं. दुपारचे बारा असन. मालकाची फटफटी विहिरीपाशी. मी म्हटलं पाय धुवाले थांबले असन. तं मालकाच्या हातात बाटली. कोरी, तालुक्याची, चिट्ठी चिपकवलेली. दोर-बालटीनं पानी काढलं, दोन वक्त बाटली खंगाळली, गळ्यापर्यंत भरली, झाकन लावलं, पिशवीत घातली आन फटफटी तालुक्याच्या रस्त्याले. मी बांबूत उभा होतो. घरी येऊन मोहल्ल्यात सांगतलं. म्हटलं, मालक सरकारले दाखवाले पानी इथून नेऊन राहिले. म्हनजे याच्याहून चांगलं पानी या गावात नाई. दुसऱ्या दिवसापासून आमी तिथून आनतो. लेकरं चांगली आहेत.

(रविता ब्रश डब्याच्या काठावर आडवा ठेवते. धुऱ्यावरून बायांच्या बोलण्याचा आवाज येत राहतो.)

रविता : चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती. बोरिंग क्रमांक, तारीख, वेळ. मी लिहून चिकटवली होती. पाणी मीच भरून देणार होती. तुम्ही म्हणाले, राहू दे, मी भरून घेतो.

तेजराम : रविता.

रविता : प्रयोगशाळेनं खरंच लिहिलं मग. पाणी खरंच योग्य होतं. फक्त दीड किलोमीटर लांबचं.

तेजराम : ऐकून घे.

रविता : ऐकते. बोला. उपसरपंच बोलणार का सासरे, ते पहिले सांगा. त्या हिशेबानं उभी राहते.

तेजराम : तुही गुलाबी बाटली तू घरच्या वट्यावर ठेवून गेलती. तू गेल्यावर मी ती उन्हात धरून पाह्यली. पट्टीसंग लावून पाह्यली.

रविता : म्हणजे पटलं होतं तुम्हाला.

तेजराम : पटलं नोहतं. भेव लागलं होतं. बोरिंग बंद झाली का लोक विचारतेत, काऊन बंद झाली? मंग बांधीवर येतेत. किती चुंगड्या टाकता? सारं गाव टाकते, चैतराम टाकते, पन बोरिंग माह्या धुऱ्याले. नाव माहं. म्हटलं, सरकारले कागद पायजे, कागद देऊन टाकू. पानी तं साफ होतं. थंड होतं. माहा बाप असंच पानी पिऊन ऐंशी वर्षं जगला.

रविता : तुमच्या बाबांच्या वेळी युरिया नव्हता, मामाजी. शेण होतं.

तेजराम : मले वाटलं, कागदानं कोनी मरत नाही.

रविता : मेली नाही ती. पण ते तुमचं काम नाही, त्या डॉक्टरबाईचं आहे. परवा दवाखान्यात टीनानं माझा हात धरला. म्हणाली, वहिनी, तू तर पाणी तपासतेस ना? आणि मी तिला काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, तपासलं आहे टीना, तालुक्याहून तपासलं, योग्य आहे, पाण्याचं काही नाही. माझ्या तोंडून तुमचा कागद बोलला. डॉक्टरबाई पाण्यावर बोट ठेवत होती आणि मी तिच्यासंग वाद घालून राहिली, शिक्का आहे म्हणून. अर्धा तास गेला त्याच्यात. अर्धा तास पोरगी निळी होती आणि मी रिपोर्ट वाचून दाखवत होती.

तेजराम : मी असं होईन म्हणून नाही केलं.

रविता : कोणी करत नाही. वर्ष झालं, मी स्वतःला वेडी समजून राहिली. ग्रामसभेत लोक हसले तेव्हा तुम्ही मान खाली घातली होती. मला वाटलं सुनेची लाज वाटून राहिली. चांगलं वाटलं मला. म्हटलं, सासरा किती भला माणूस.

छोटेलाल : मी जाऊ का, बाई?

रविता : नका जाऊ. घरातलं बोलणं झालं असेल असं तुम्हाला वाटत होतं ना? ते आज होऊन राहिलं. ऐकून जा.

तेजराम : पोराचा, दुर्गेशचा फोन येऊन राहिला.

रविता : उचला. दवाखान्यातून आहे.

तेजराम : हां, बोल दुर्गेश. हां. सुट्टी दोन वाजता? बरं झालं, बरं झालं. गाडी मी पाठवतो, नाही तं मीच येतो. काय? जवाई, भूपेंद्रजी, घेऊन जाऊन राहिले? कोहमाऱ्याले? अरे, सव्वा महिना राहिला अजून, आमच्या घरी राहाचं ठरलं. दे, टीनाले दे. हां बेटा. हां. घरी ये. पानी कॅनचं आनू, रोज आनू. घर तुहं होय. काय म्हणतेस? नाही, मी काय लपवीन? डाक्टर म्हणते तं... हां. हां, बेटा. ठेव.

रविता : काय म्हणाली?

तेजराम : म्हणे, बाबा, बोरिंग चांगली आहे असं तुमी एकदा तुमच्या तोंडानं सांगा, मी घरी येते. कागदाचं नका सांगू. तुमचं सांगा.

रविता : आणि तुम्ही 'ठेव' म्हणाले.

तेजराम : मंग काय म्हणू? माह्या तोंडातून निघालंच नाही. ते हां हां म्हनत राहिलं.

छोटेलाल : पोरीले खरं समजते मालक. आवाजावरून समजते.

रविता : शेजारच्या मुन्नाच्या बायकोला सातवा महिना आहे. रोज सकाळी दोन गुंड भरून नेते इथून. परवा मला म्हणाली, तुमच्या धुऱ्याचं पाणी गोड लागते वहिनी. मी काय सांगू तिला? निळ्या रंगाची बोरिंग आहे, बिनधास्त पी? उद्या टीम येईल, फोटो निघेल, त्या फोटोत ती गुंड घेऊन उभी राहील. तुम्हीच उभी कराल, गर्भवती माता म्हणून.

तेजराम : टीमचं काय करावं?

रविता : या म्हणा. बोरिंग दाखवा.

तेजराम : लाल?

रविता : लाल. (ब्रश उचलून ओट्यावर लाल मारायला लागते.) आणि नमुना परत पाठवायचा. बाटली मी भरीन, तुमच्यासमोर, टीमच्या समोर. नेईनही मीच. एस.टी.नं जाईन, घरचं पेट्रोल नको.

तेजराम : ते विचारतीन, मागचा 'योग्य' कसा आला?

रविता : विचारतील.

तेजराम : मंग काय सांगू?

रविता : मला नका विचारू. मी पाणी तपासते. माणसं तपासायची पेटी अजून आली नाही.

छोटेलाल : मालक, धुऱ्यावर बाया हात हालवून राहिल्या. खताचे घमेले भरून बसल्या आहेत. आभाळ बी भरून आलं. फेकाचं असन तं आत्ता, नाई तं धुवून जाईन. म्हनजे माह्या बोडीत येईन.

रविता : काय सांगायचं त्यांना?

तेजराम : चहा दे आन घरी पाठव. हजेरी पुरी पडन म्हण.

रविता : उद्या बोलवू?

तेजराम : आज नाही म्हटलं ना. उद्याचं उद्या.

रविता : चैतरामकाकाचा धान हिरवा दिसेल.

तेजराम : दिसू दे. तुही तोंड चालवाची हौस फिटली का नाही अजून?

रविता : नाही फिटली. आज नाही फिटणार, या वर्षी नाही फिटणार. चहा कोणत्या पाण्याचा ठेवू?

छोटेलाल : एक डबा राहू द्या, बाई. मी परत भरून आनतो. मालकाचीच विहीर होय ती, आमी नुसतं वाहून आनतो.

तेजराम : छोटेलाल, तू पन बोलून घे आज.

छोटेलाल : मी कुठं काय बोललो मालक. मी तं राम राम म्हटलं.

रविता : मामाजी, सरका थोडं. पाटीपर्यंत आली मी. रंग हिच्यावरून गेला तर नाव झाकून जाईल. झाकू का?

तेजराम : ब्रश एकच आहे?

रविता : एकच.

तेजराम : आन इकडं. तू चहाचं पाह्य. मी मारतो, पाटी सोडून. नाव दिसू दे.